सगळ्यात मेहनती वाचक

दि. ४ जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. आमच्या ग्रंथालयाने आता ब्लॉग लिहायचा म्हणे. कमिटीने एक प्रशिक्षक आणून बसवलाय. त्याने आयुष्यात एक पुस्तक शेवटपर्यंत वाचलं असेल तर मी नाव बदलीन. दोन तास मला वाचकांशी नातं कसं जोडायचं ते शिकवत होता. मग तीस वर्षं काउंटरवर बसून मी काय माशा मारत होते? कुठलं बटण दाबायचं विचारलं की म्हणे, आधी व्हिजन समजून घ्या मॅडम. बटण शेवटी झाडूवाल्या मावशींनी दाखवलं.

सहा नोंदी लिहून झाल्या. किती जणांनी वाचलं त्याचा आकडा खाली दिसतो. प्रत्येकीखाली एक. फेसबुकवर अध्यक्षांच्या बायकोने अंगठा दिला, तोही चुकून. प्रशिक्षक म्हणतो, वाचकांचं कौतुक लिहा, लोक आपोआप येतील. बघते लिहून.

तुझी लेक बाळी आमच्याकडून दातांची पुस्तकं नेते का, असं विचारलंस. दर शनिवारी येते, एवढंच सांगेन. कोण काय वाचतं ते मी कुणाला सांगत नाही, सख्ख्या भावालाही नाही.

वहिनीला नमस्कार. चिडवायला का होईना, आठवण काढत जा.

तुझी धाकटी

दि. २ ऑगस्ट

चि. धाकटीस,
अ. आ.

तुझा तो एक वाचक मीच. पेशंट तोंडात कापूस धरून बसलेला असतो, तेवढ्यात वाचून होतं. पहिल्या सहा नोंदी इतक्या रटाळ, की वाचून दाखवल्या असत्या तर भुलीचं इंजेक्शन वाचलं असतं. सातवी मात्र तीनदा वाचली.

आमची सगळ्यात मेहनती वाचक म्हणे. नाव दिलं नाहीस, मोठी शहाणी. दंतवैद्यकाचं दुसरं वर्ष, जाड चष्मा, दर शनिवारी हजर, महिन्यात अकरा पुस्तकं आणि अकराच्या अकरा सुतारकामाची. अशा किती मुली आहेत तुमच्या गावात? मी इथे तिच्यासाठी दवाखान्यात दुसरी खोली काढतोय आणि ती तिथे रंधा कसा धरायचा ते वाचतेय. कॉलेजात फोन केला. चार महिने ती प्रॅक्टिकलला फिरकलेली नाही.

रविवारी येऊन तिला घरी आणतोय. तू मध्ये पडू नकोस. सख्ख्या भावाला सांगायचं नव्हतंस, अख्ख्या जगाला सांगितलंस. त्याबद्दल आभारच मानायला हवेत.

आशीर्वाद आहेत, पण हात आखडता घेऊन.

दादा

दि. ९ ऑगस्ट

चि. बाळीस,
अ. आ.

रविवारी माझ्याकडे न बघता गाडीत बसलीस. बरोबरच केलंस. नाव लिहिलं नाही म्हणजे गुपित राखलं, अशी मी मूर्खासारखी समजूत करून घेतली. विषय, वार आणि कॉलेज दिलं की माणूस सापडतं, हे जन्मभर पुस्तकांच्या याद्या आणि कार्डं लावणाऱ्या बाईला कळू नये? आकडा एकाचा दोन व्हावा म्हणून मी तुला मांडून ठेवलं. मला स्वतःची लाज वाटते.

नोंद काढून टाकली आहे. दादाशी मी बोलते. रागाच्या का होईनात, दोन ओळी धाड.

आत्या

दि. १७ ऑगस्ट

ती. आत्यास,
सा. न.

बाबांशी बोलू नकोस. ते कुणाशीच बोलत नाहीत. मला दवाखान्यात हत्यारं पुसायला बसवलंय.

परीक्षेनंतर मी त्यांना स्वतः सांगणार होते. दिवसभर उभं राहून त्यांची पाठ धरते, म्हणून त्यांच्यासाठी स्टूल करत होते. ते त्यांच्या हातात देऊन सांगायचं ठरवलं होतं. तीन पाय झाले होते. खोली रिकामी करताना हॉस्टेलवाल्यांनी ते भंगारात टाकलं, आणि बाबा ते बघत उभे होते. कशासाठी आहे ते मी सांगितलं नाही. आता काय सांगायचं?

तू काढून टाकायच्या आधी मी ती नोंद वाचली. माझ्याबद्दल इतकं चांगलं आजवर कुणी बोललेलं नाही. दर शनिवारी मी तुझ्यासमोर उभी असायचे आणि तू शिक्का मारून पुस्तक सरकवायचीस. त्यातलं एक वाक्य तेव्हा तोंडाने म्हणाली असतीस, तर मला पुरलं असतं.

माया आहे, पण सध्या मागू नकोस.

तुझी भाची