दोन हॉर्न

बाबा, तुमच्यावर सिनेमा निघालाय. म्हणजे तसा तुमच्यावर नाही, शेठवर. हळदीच्या मोंढ्यातला बडा व्यापारी, त्याला पळवून नेतात, घरच्यांचे हाल, पोलिसांची धावपळ, असा सगळा मामला. ‘सत्य घटनेवर आधारित’ असं सुरुवातीलाच झळकतं. शेठचं नाव बदललंय, हिंगोलीचंही बदललंय, तुम्हाला तर नावच दिलेलं नाही. सगळे नुसतं ‘ड्रायव्हर’ म्हणतात. मी तो हिंगोलीच्या घरात, कानात वायरी घालून मोबाइलवर पाहिला. कसा आहे, असं बायकोनं विचारलं तर ठीक आहे म्हणालो. बाबा, त्यात शेठला तुम्ही पकडून दिलंय.

मागच्या वर्षी सिनेमासाठी माहिती गोळा करायला दोन पोरं आणि एक मुलगी गावाकडं, गोरेगावला आपल्या घरी आली होती. मी रजा टाकून गेलो होतो. मायला इतकं खुशीत मी कधी पाहिलं नव्हतं. तुम्ही गेल्यापासून तुमच्याबद्दल तिला कोणी काही विचारलंच नव्हतं ना. “जय भीम, या, बसा, उन्हाचे आले,” म्हणत तिनं त्यांना सतरंजीवर बसवलं. जेवल्याशिवाय उठूच दिलं नाही. ठेच्यानं त्या मुलीच्या डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि माय बोलतेच आहे. पोलिसांनी तुम्हाला चौकशीला ठेवून घेतलं ते, सुटून आल्यावर तुम्हाला पाठ टेकता येत नव्हती ते. हे मला तिनं कधी सांगितलं नव्हतं, त्या पोरांना सांगितलं. शेठ सुखरूप परत आल्यावर त्यांनी माणूस पाठवून तुम्हाला बोलावलं आणि जीपची चावी पुन्हा तुमच्याच हातात दिली, तेही. “शेठनं सोता चावी देली. याच्याहून मोठा दाखला कोन्ता पायजे?” ती म्हणाली. मुलगी भराभर लिहून घेत होती. मग मायनं हॉर्नचं सांगितलं.

आपलं घर रस्त्याला लागून. शेठला घेऊन तुम्ही पुढच्या गावांना हळद बघायला जायचात. परतताना दारावरून जायचात पण थांबता यायचं नाही, मालक गाडीत बसलेला. मग दोनदा हॉर्न. म्हणजे शेठला हिंगोलीला सोडून शेवटच्या एसटीनं येतो, जेवायला आहे. ते ऐकून माय चुलीकडं वळायची. एकदा जीप दारात उभी असताना मी आत चढून हॉर्न वाजवत बसलो होतो, तर तुम्ही माझा कान धरून खाली उतरवलं होतं. “हॉर्न खेळायला नसतो, लेकरा. कोनीतरी त्याच्या भरोशावर बसलेलं असतं.” कान लाल झाला होता माझा. तुम्ही मला मारल्याचं आठवत नाही, पण तो कान आठवतो.

त्या संध्याकाळीही दोन हॉर्न वाजले. मी ओट्यावर वही घेऊन बसलोय, माय पीठ मळतेय. भाकरी होतात, पिठलं आटून जातं, शेवटची एसटी येते आणि निघूनही जाते. तुम्ही त्यातून उतरत नाही. पुढच्या नाल्यावर पळवणाऱ्यांनी जीप अडवली होती, तुमच्या डोक्यात पाइप घातला होता आणि शेठला उचललं होतं, हे आपल्याला दुसऱ्या दिवशी कळलं.

सिनेमात ड्रायव्हर एका घरापुढून जाताना आरशातून शेठकडं बघतो आणि दोनदा हॉर्न वाजवतो. त्या घरात चूल नाही की बाई नाही. पत्ते खेळत बसलेली चार माणसं आहेत. त्यातला एक पत्ते टाकून उठतो आणि म्हणतो, “चलो, ड्रायवर ने बोल दिया.” त्या घराच्या भिंतीवर आपल्यासारखा बाबासाहेबांचा फोटोही नव्हता. आधी मला त्याचं वाईट वाटलं आणि मग बरंच वाटलं. चावीचा प्रसंग तर नाहीच. शेठ घरी येतात, सगळे गळ्यात पडून रडतात आणि सिनेमा संपतो.

मी त्या पोरांपैकी एकाला फोन केला. तो फार गोड बोलला. “सर, गोष्ट रंगवावी लागते. आम्ही नाव कुठं घेतलंय कुणाचं? आणि काकूंना नमस्कार सांगा, त्यांच्या हातचा ठेचा अजून आठवतो.” मग एका ओळखीच्या वकिलाकडं गेलो. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “नाव तुमचं न्हाई, गाव तुमचं न्हाई. कोर्टात उभं राहून तुमीच सांगनार का, की तो ड्रायव्हर म्हंजे माझा बाप? हे तर हात दाखवून अवलक्षण झालं.” मला त्याचा राग आला, पण त्याचं खोटं नव्हतं. खरं सांगू शकले असते ते शेठही आता नाहीत.

मायचा एकच धोशा चालू होता. “आला का रे आपला सिनेमा?” मी म्हणायचो, वेळ लागतो माय, दिवाळी उजाडेल. शेवटी शेजारच्या पोरानं तिला सांगून टाकलं की आलाय म्हणून. त्यानं पुढचं सांगितलं नाही, हे त्याचे उपकार. मग रविवारी मी गेलो. ठेवणीतलं लुगडं नेसून ती दारातच बसली होती. मोतीबिंदूमुळं तिला आता फारसं दिसत नाही. मी मनात ठरवलं होतं, तेवढा भाग पुढं सरकवायचा, हिंदी तिला कुठं कळतंय. पण तिनं मोबाइल माझ्या हातातून घेतला आणि कानाला लावून बसली. मला तो काढून घेता आला नाही.

हॉर्न वाजला तशी तिनं माझा गुडघा धरला. “घातलं बघ त्यायनं! मीच सांगितलं होतं.” किती हसली ती, बाबा. लगेच तो माणूस ते वाक्य बोलला. “काय म्हनून राह्यला तो?” तिनं विचारलं. मी म्हणालो, “काही नाही माय, ड्रायव्हर भला माणूस आहे म्हणतोय.” ती शेवटपर्यंत तशीच ऐकत बसली. संपल्यावर तिनं मोबाइल पदरानं पुसून माझ्याकडं दिला.

“इतके वर्सं मोंढ्यात हळद निवडली मी,” ती म्हणाली. “हिंदी कळते मला.” आणि मग, “मी सांगायला नव्हतं पायजे, व्हय रे?”

तुम्ही असता तर तिथल्या तिथं तिला म्हणाला असता, तुझं काय चुकलं त्यात. मलाही तेच म्हणायचं होतं. पण त्या वेळी माझ्या मनात खरोखर तेच चाललं होतं, की कशाला सांगितलंस तू. मी खाली बघत राहिलो आणि ती समजली. नंतर मी तिला दहादा समजावलं. “बरं,” म्हणते. पण तेव्हापासून ती तुमच्याबद्दल बोलत नाही. पोरांना आजोबांचं काही सांग म्हटलं की म्हणते, “मला काय आठवत न्हाई आता.” तिला सगळं आठवतं, बाबा. ती आता माझ्यासमोरही जपून बोलते. हे लिहिलेलं एकदा गोरेगावला नेऊन तिला वाचून दाखवावं असं रोज वाटतं, आणि माझी हिंमत होत नाही.