पोटखराब अकरा आर

मी, सुलक्षणा कौतिक सूर्यवंशी, वय ३२, अविवाहित, व्यवसाय माती व पीक तपासणी, राहणार जळगाव, हे स्वतःच्या हाताने लिहीत आहे. बुद्धी शाबूत आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. प्रकृती शाबूत नाही. मंगळवार दि. २७ रोजी धुळ्यात माझ्या पोटातील गाठीची शस्त्रक्रिया आहे. माझ्यावर कोणाचा दबाव नाही. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. बँकेतील सर्व शिल्लक व जळगावची सदनिका माझी आई भिकुबाई हिला मिळावी. सदनिकेत राहण्याचा आग्रह तिला कोणी करू नये. तिला गॅलरीतील कुंड्यांतल्या मातीला माती म्हणवत नाही.

२. मौजे हिवरदे, ता. पारोळा येथील वडिलांकडून वाटणीने मला आलेल्या शेतापैकी लागवडीखालील सत्तर आर क्षेत्र माझा भाऊ ललित यास द्यावे. तोच ते कसतो. अट एकच. पूर्वेचा बांध आता कोरू नये. नांगरताना तो दरवर्षी नांगराचे एक तास, म्हणजे एक चर, बांधात घालतो. मी टेपने मोजले आहे: २०२१ साली बांध दोन मीटर चाळीस सेंटिमीटर होता, आज एक मीटर सत्तर आहे. ललितचे म्हणणे असे की बांध उन्हाने आकसतो.

३. राहिलेले अकरा आर सातबाऱ्यावर ‘पोटखराब’ म्हणून नोंदलेले आहेत, म्हणजे लागवडीस अयोग्य. ही पट्टी ओढ्याकाठी आहे. तीत हिवर, बोर व बाभळीची झुडपे आहेत, आणि झुडपांत फुलोरी मधमाश्यांची लहान पोळी आहेत. उघड्या कोरड्या मातीत एकेकट्या राहणाऱ्या माश्यांची बिळे आहेत. पावसाळ्यात आई तिथून कुरडू आणि करटुली आणते. सातबारा वाचून दाखवला तेव्हा ती म्हणाली, “ज्या जागानी भाजी पोटमा जास, ती खराब कशी?”

ललितने ही पट्टी सपाट करून लागवडीत आणण्यासाठी अर्ज तयार केला आहे. माझी सही घ्यायला तो मागच्या आठवड्यात जळगावला आला. माझे रिपोर्ट टेबलावर होते. ते पाहून म्हणाला, “सातबाऱ्यावर पोटखराब, रिपोर्टमध्येही पोटखराब. ताई, तू शासनाच्या नोंदीप्रमाणेच चालतेस.” मी हसले. सही केली नाही. नंतर तो बराच वेळ जिन्यात उभा होता, हेही नोंदवते.

४. सदर अकरा आर मी हिलाल दगडू महाजन यांना देत आहे. ते लगतचे खातेदार आहेत, त्यामुळे तुकडेबंदी कायद्याची अडचण येऊ नये, असे वकील म्हणतात. हिलाल आबा आमच्या नात्यातले नाहीत. ललित कारण विचारेल. कारण पुढीलप्रमाणे.

५. फेब्रुवारी २०२२ मध्ये आमच्या कांद्यावर फुलकिडे पडले. ललितने औषध विचारले. मी कागदावर औषध आणि मात्रा लिहून दिली आणि खाली एक ओळ वाढवली: ‘पट्टीतील झुडपांवरही फवारावे.’ कीड तिथे आसऱ्याला जाते म्हणून. तिथे आणखी कोण आसऱ्याला आहे, हे मी विचारात घेतले नाही. फवारणी सकाळी दहाला झाली. त्या वेळी माश्या कामावर असतात.

शेजारी आबांचा बियाण्याचा कांदा फुलावर होता. कांद्याचे बी माशी बसल्याशिवाय भरत नाही. त्याच महिन्यात मी हौसेने त्यांच्या कांद्याच्या फुलगोंड्यांवर माश्यांच्या भेटींची मोजणी करत होते. फवारणीआधी एका गोंड्यावर दहा मिनिटांत सरासरी चौदा भेटी होत होत्या. चार दिवसांनी एक. वही कपाटात आहे, हस्ताक्षर माझे आहे.

त्या वर्षी आबांचे गोंडे पोकळ निघाले. त्यांनी एक गोंडा माझ्या हातावर चोळला, नुसता भुसा पडला. विचारले, “माश्या कोठे गयात वं माय?” मी म्हणाले, ढगाळ हवामानामुळे असे होते. ते म्हणाले, “तू शिकेल पोर शे. तू म्हनस तं आभायच व्हई.”

त्या महिन्यात आभाळ तीन दिवस होते. तीही नोंद वहीत आहे.

त्यानंतर मी पट्टीत काहीही फवारू दिले नाही. भेटी २०२३ मध्ये तीन, २०२४ मध्ये सहा, गेल्या वर्षी नऊ. चौदा अजून झालेल्या नाहीत. पट्टी सपाट झाली तर होणार नाहीत.

६. माझे भिंग, मोजणीचे बटणयंत्र व सदर वही आबांना द्यावी. दर फेब्रुवारीत सकाळी नऊ वाजता दहा गोंड्यांवर मोजणी व्हावी, ही विनंती. अट नाही. त्यांना अट घालण्याचा अधिकार मला नाही.

७. हे मृत्युपत्र माझ्या मृत्यूनंतर अमलात येईल. कच्चा मसुदा वाचताना लक्षात आले की याचा अर्थ मी शस्त्रक्रियेतून वाचले तर कलम ५ कोणालाच कळणार नाही. तशी सोय मला ठेवायची नाही. ते कलम मी शस्त्रक्रियेपूर्वी आबांना स्वतः वाचून दाखवीन.

ठिकाण: जळगाव. रविवार, दि. १८ जानेवारी २०२६.

(सही) सुलक्षणा कौतिक सूर्यवंशी

लिहिणारीने आमच्यासमोर सही केली व आम्ही तिच्यासमोर केली:
(सही) हेमांगी सुभाष बोरसे, जळगाव
(सही) नवीन प्रेमराज छाजेड, जळगाव

पुरवणी, शनिवार, दि. २४ जानेवारी २०२६. आज हिवरदे येथे बांधावर बसून कलम ५ आणि मोजणीची विनंती हिलाल आबांना वाचून दाखवली. त्यांनी कलम ५ दुसऱ्यांदा वाचायला सांगितले. मग टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. आईने चहा आणला होता, तो त्यांनी घेतला नाही. मी उठले तेव्हा त्यांनी एवढेच विचारले, “एकच माशी दोनदा बसनी तं एक धरू का दोन?”

दोन, असे मी सांगितले. भेटी मोजायच्या आहेत. बाकी मजकुरात बदल नाही.

(सही) सुलक्षणा कौतिक सूर्यवंशी
साक्षीदार वरीलप्रमाणेच: (सही) हेमांगी सुभाष बोरसे, (सही) नवीन प्रेमराज छाजेड