ब्रह्मकमळाचा अर्धा व्हिडिओ

शनिवार, जुलै. आलापल्ली

संताप जात नाही, म्हणून लिहायला बसले. यंदा ब्रह्मकमळाला एकच कळी आली. झाड ह्यांनी लावलेलं, आणि हे अंथरुणाला खिळलेले. अंगणापर्यंतसुद्धा आणता येत नाही. पुढच्या पावसाळ्याचं नाव काढलं की डॉक्टर विषय बदलतात. म्हणून मोबाइल स्टुलाला बांधून कळीवर रोखून ठेवला. फूल उमलताना ह्यांना दाखवायचं, एवढंच.

रात्री पाकळ्या नुकत्याच सुटत होत्या. तेवढ्यात शेजारच्या शोभाबाई आरतीचं ताट घेऊन आल्या. मी ह्यांना पाणी द्यायला आत गेले आणि परत येते तर फूल ताटात!

"हे काय केलंत?" मी ओरडलेच.

"बाई, ब्रह्मकमळ झाडावर सुकू देत नाई. महादेवाले वाहून राह्यली ना! भाऊ बरे झाले पाहिजे," म्हणत त्या ताट घेऊन देवळाकडे निघाल्याही.

कॉन्व्हेंटात नन्सनी मला फाडफाड बोलायला शिकवलं. पण भल्या मनाने घात करणाऱ्याला काय बोलायचं, ते कुठे शिकवलं?

व्हिडिओत अर्धवट उघडलेल्या पाकळ्या, मग हिरव्या बांगड्यांचा हात. पुढे नुसता देठ. तो हात डोळ्यांपुढून हलत नाही. तरी ह्यांना दाखवला. नको होता का दाखवायला?

हात आला तसे हे दचकले. "फूल कुठी गेलं?"

"देवाला. तुम्ही बरं व्हावं म्हणून."

"मंग मले पाहू तरी द्यायचं होतं," म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड केलं.