गोळ्या किती शिल्लक?

शनिवार, पूर्णेजवळून

तीर्थरूप दाजींना शिवाप्पाचा शरणार्थ.

अक्काचा गुडघा कसा आहे? कापसाच्या धुळीनं तुमचा खोकला वाढला असेल तर औषध दुकानातलं घ्या, अक्काच्या हातचा काढा घेऊ नका (मी लहानपणी घेतलेला आहे). इकडे सगळे खुशाल. माझ्या खुशालीवर तर आता सरकारी शिक्का बसला आहे, त्याचीच हकीकत कळवतो.

आप्पांची बारा बोअरची बंदूक तुम्हाला माहीत आहे. रानडुकरांसाठी घेतलेली, डुकरांना ती कधी लागली नाही, आवाजाची मात्र सवय झाली. विधानसभेच्या निवडणुकीत सगळ्यांसारखी आम्हीही ती ठाण्यात जमा केली. निवडणूक सरली, लोकांनी आपापल्या बंदुका परत नेल्या, आमची राहिली. मी आज जातो, उद्या जातो म्हणत राहिलो आणि नागुबाईनंही कधी आठवण केली नाही (दळणाची आठवण दिवसातून चार वेळा करणारी माझी बायको ती हीच). त्याआधीच्या उन्हाळ्यात माझी झोप गेली होती आणि परभणीच्या मनाच्या डॉक्टरकडं तुम्हीच मला नेलं होतं. तेव्हा तिनं बंदूक ज्वारीच्या पोत्यांमागं सरकवली होती. तिनं सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पण पोत्यातली ज्वारी काढायची वेळ आली की ती मला काहीतरी काम काढून बाहेर पाठवायची.

आता माझ्या नावावरच्या परवान्याची मुदत संपत आली. चिरंजीव रुद्रेशनं "आज्ज्याची निशाणी ठाण्यात गंजायलीय" म्हणत मुदत वाढवायचा अर्ज केला. त्यासाठी माणसाचं डोकंही तपासतात, हे कळल्यावर घरात तोंडी परीक्षेची तयारी सुरू झाली. "बाबा, परभणीचं नाव काढू नका. कुणी विचारलंच तर दाताच्या डॉक्टरकडं गेलतो म्हणा." मी म्हटलं, माझे दात तर सगळे शाबूत आहेत. तो म्हणाला, "मग चांगलंच की. इलाज लागू पडला."

चौकशीला ठाण्यातून जमादार आले. आधी त्यांनी शेजारच्या सितारामला गाठून माझं डोकं कसं आहे ते विचारलं. सिताराम म्हणाला, "डोकं? सायेब, आख्ख्या गावात एवढंच एक डोकं हाय." (त्या उन्हाळ्यात हाच सिताराम कामधंदा सोडून दिवसभर माझ्याजवळ बसून राहायचा. कशासाठी, ते त्यानं अजून मला सांगितलेलं नाही.) मग जमादार आमच्या ओसरीवर बसले, चहा घेतला आणि मला विचारलं, "गोळ्या किती शिल्लक हायत?"

दाजी, मी खरं सांगायचं ठरवलं होतं. म्हटलं, आठ-दहा असतील. झोपताना एक घेतो. मधी बंद केल्या होत्या, गेल्या महिन्यापासून परत सुरू केल्यात.

जमादारांनी चहाचा आणखी एक घोट घेतला. नागुबाईनं हातातली कपबशी खाली ठेवली. रुद्रेश दाराच्या चौकटीला धरून उभा होता. मग जमादार असे हसले की चहा मिशीतून गळला. "काका, तुमी लय भारी. मी बंदुकीच्या विचारायलोय." मी म्हटलं, मी खऱ्या गोळ्यांचं सांगतोय. त्यावर ते आणखी हसले. जाताना सितारामला म्हणाले, असा हसतमुख माणूस असल्यावर बंदुकीची काय काळजी.

राहिला डॉक्टरचा दाखला. तालुक्याच्या डॉक्टरला मी परभणीचं सगळं नावगावासकट सांगितलं. त्यानं मान वर न करता म्हटलं, "काका, ज्याला खरंच काही असतं तो सांगत नसतो. तुम्ही सांगताय म्हणजे ठणठणीत आहात." आणि शिक्का मारला. खोटं बोललो असतो तर कदाचित धरला गेलो असतो.

सोमवारी रुद्रेश मला ठाण्यात नेणार आहे. सही माझीच लागते. त्यानं तेल आणलंय आणि माझ्या खोलीत बाजेच्या वर खुंटी ठोकली आहे. डुकरांनी यंदा हरभरा उकरून टाकलाय, आणि बापाची वस्तू परक्याच्या ताब्यात का ठेवावी? विचार केला तर मलाही पटतं.

अक्काला शरणार्थ, लेकरांना आशीर्वाद.

आपला,
शिवाप्पा

ता. क. सिताराम आजच कापूस घेऊन तुमच्या सेलूला येतोय, त्याच्याच हाती पत्र देतो. फोन केला असता, पण घरात भिंतीसुद्धा ऐकतात. नागुबाईला सांगितलंय की तुम्हाला हुरड्याला बोलावतोय. तेव्हा आल्यावर हुरडा मागा.

ता. क. २. रविवारी मुक्कामालाच या. सोमवारी माझ्याबरोबर ठाण्यात चला आणि साहेबांना सांगा की ही बंदूक या माणसाच्या घरी देऊ नका. मी दोन ठिकाणी सांगून बघितलं. एक हसला, दुसऱ्यानं शिक्का मारला. झोप परत गेली आहे आणि पडल्या पडल्या नजर त्या खुंटीवर जाते. ठाण्यातून तसेच परभणीला डॉक्टरकडं जाऊ.

ता. क. ३. वाटेत मी म्हणेन की आता बरं वाटतंय, एवढं आलोच आहोत तर बंदूक घेऊनच जाऊ. ऐकू नका. मी लय पटेल असं बोलतो.