एक मेपूर्वी कळवावे

मिनियापोलिस,
२३ एप्रिल

चि. आर्विड यास,

थोरल्या बहिणीचे आशीर्वाद. प्रकृती कशी आहे हे विचारत नाही. तू ‘ठीक’ असे लिहितोस आणि तो शब्द मला तुझ्या रक्ततपासणीच्या कागदांवर कुठेही आढळलेला नाही. डायलिसिस सोडून प्रवास करता येत नाही, म्हणून तुझ्या लेकीला कॉलेजे दाखवण्याचे काम तू माझ्यावर सोपवलेस. मारितला डॉक्टर व्हायचे आहे. त्यासाठी आधी चार वर्षे कुठे शिकणार, हे तिने एक मेपूर्वी कळवायचे आहे. आठ दिवस उरले.

पहिल्या कॉलेजात (इमारत देखणी, कॉफी अक्षम्य) सल्लागार बाईंनी अभिमानाने सांगितले, की चार वर्षांनंतर वैद्यकीय कॉलेजांकडे अर्ज करणाऱ्या त्यांच्या विद्यार्थ्यांपैकी चौऱ्याण्णव टक्के डॉक्टरकीला लागतात. अर्जदार किती, असे मी विचारले. पन्नास. आणि पहिल्या वर्षी डॉक्टर व्हायला आलेले किती, यावर त्यांनी पाण्याचा घोट घेतला. तीनशे दहा. उरलेल्या दोनशे साठ जणांना कॉलेजची समिती शिफारसपत्र नाकारते, म्हणजे ते अर्जच करत नाहीत, म्हणजे ते नापासही होत नाहीत. (बुडतील असे वाटणाऱ्यांना आधीच पाण्यात उतरवायचे आणि आमची बोट कधी बुडाली नाही म्हणून सांगायचे.) हे मी त्यांना जरा मोठ्याने समजावून दिले. मारित तोवर गाडीत जाऊन बसली होती.

दुसऱ्या कॉलेजात परिसर दाखवणारी विद्यार्थिनी प्रथेप्रमाणे आमच्याकडे तोंड करून उलटी चालत होती. सेंद्रिय रसायनशास्त्रात किती जण गळतात, एवढेच मी विचारले. ती बाकाला अडखळून फुलांच्या ताटव्यात बसली आणि उठली नाही. तिथूनच म्हणाली, “मीपण डॉक्टरच होणार होते, बाई. आता उलटं चालते.” मारित तिच्याशेजारी चिखलात अर्धा तास बसून राहिली आणि तिसरे कॉलेज हुकले. (हाच विषय मी एकतीस वर्षे शिकवला. लाल पेन्सिलीने किती जणांना घरी पाठवले, ते मोजलेले नाही. त्याला मी काटेकोरपणा म्हणत असे. ते पुढे कुठे बसले, हे पाहण्याचा प्रसंग आला नव्हता.)

तुझ्या मुलीने मात्र सगळीकडे एकच प्रश्न विचारला: इथून घरी गाडीने किती तास? परतताना मी तिला फटकारले, की तू कॉलेज निवडते आहेस, किराणा दुकान नव्हे. तर म्हणाली, “मंगळवार, गुरुवार, शनिवार बाबाला मशीनवर कोण नेणार, आत्या? तू?” त्यानंतरचे चाळीस मैल मी रस्त्याच्या डागडुजीवर बोलले.

आता तिने तुझ्या घरापासून अकरा मिनिटांवरचे कॉलेज ठरवले आहे. ते मी काल एकटीने पाहून आले. प्रयोगशाळेत दोन बेसिन, त्यातले एक गळके. रसायनशास्त्राचे मास्तर हॉकीही शिकवतात. माझ्या मते हे कॉलेज सर्वथा अयोग्य आहे. तू वडील या नात्याने तिला तसे स्पष्ट सांगावेस.

तुझी,
सिग्ने

ता. क. : न्यायाने सांगायचे, तर त्या हॉकीवाल्यालाही मी आकडा विचारला. दहा वर्षांत डॉक्टर व्हायला आलेले नऊ. “पाच झाले. दोघी नर्स आहेत. एक शेती बघतो. एक गेला, बिचारा.” सगळ्यांची नावे त्याला पाठ होती. मला माझ्या एकाही वर्गाबद्दल असे सांगता येणार नाही. तेव्हा वरील ‘सर्वथा’ खोडून वाचावे.

आणखी एक : तरीही तिने जवळ राहायचे की लांब जायचे, हे तुझ्या मूत्रपिंडांनी ठरवू नये. तळमजल्यावरची खोली मला दे. मंगळवार, गुरुवार, शनिवार मी नेईन. तुझ्या संसारातून कारिन गेल्यापासून ते स्वयंपाकघर मला पाहवत नाही, पण तिने लावलेले काहीही मी हलवणार नाही.

शेवटचे : डोळ्यांच्या डॉक्टरांनी मला फक्त दिवसाउजेडी गाडी चालवायची परवानगी दिली आहे, आणि तुझी डायलिसिसची पाळी पहाटे साडेपाचची आहे. दहाची मागून घे. उद्याच माग. मारितला एक मेपूर्वी कळवायचे आहे.