सूज उतरल्यावरचे रिपोर्ट

३ जून
कॉर्टिसॉल हे हॉर्मोन पुन्हा नॉर्मल. डॉक्टर कागदाकडे बघूनच बोलले, "काही नाही मॅडम, योगा करा." गेल्या महिन्यात तोंडाची भाकरी झालेली, बीपी चढलेलं, जिना चढताना मांड्या लटपटत होत्या. फोटो दाखवला. म्हणे, फोटोवर निदान होत नाही. समोर बसलेल्या माणसावरही होत नाही, त्याचं काय?

७ जून
सासूबाईंचं निदान मात्र पक्कं: "म्हायेरचं तूप अंगाला लागलंय." कुरुंदवाडहून नणंदेचा फोन: "वैनी, तू लई टेन्शन घेतीस, दुसरं काय न्हाय." दोघींनी आता दाराला डॉक्टरची पाटी तेवढी लावावी.

१९ जून
पुण्याला हॉर्मोनवाल्या डॉक्टरीणबाई. मला शेवटपर्यंत बोलू दिलं! म्हणाल्या, दुर्मिळ प्रकार असतो, कॉर्टिसॉल मधेच उसळतं, आपोआप उतरतं. उसळलेलं असताना सापडायला हवं, नाहीतर ते बनवणारी गाठ शोधायची कुठं? "तुम्ही दर वेळी बऱ्या असतानाच कशा येता?"
माझा नवरा विजय लगेच रिपोर्ट पिशवीत भरायला लागला. घरात रीत आहे, सुजलेल्या तोंडानं सुनेनं बाहेर पडायचं नाही. सूज उतरली की सोमवार बघून दवाखाना, कारण सोमवारी विजयचं शाहूपुरीतलं दुकान बंद. म्हणजे इतकी वर्षं मला बरी करून तपासायला नेत होते. शाबास!
कॅन दिलाय. सूज आली की लगेच चोवीस तासांची लघवी साठवायची, त्यात कॉर्टिसॉल मोजतात, थेंबही वाया नको.

११ जुलै
शाळेत सगळ्या सहशिक्षिका म्हणतात, छान दिसताय. डोकं फिरतं. आजारी पडायची वाट बघतेय मी, आणि...

२ ऑगस्ट
आलं! पहाटेच तोंड टम्म, दंडावर निळे डाग. कॅन सुरू केला. आज नेमकी दिराच्या लग्नाची सुपारी फुटायची, मुलीकडचे हातकणंगल्याचे पाव्हणे. सासूबाई: "असलं त्वांड घिऊन भाईर येऊ नगंस." बसले आत.
चारला बाथरूममध्ये गेले तर कॅन रिकामा. धुऊन पालथा घातलेला.
सासूबाई: "पावणं हात धुवायला जात्यात, कुणी बघितलं तर? वतून टाकलं की."
विजय म्हणतो, जाऊ दे, आईला काय कळतंय. त्यांना कळत नाही, तुला कळूनही उपयोग नाही. सुजलेलं तोंड घेऊन बैठकीतून, सगळ्या पाव्हण्यांच्या देखत, लॅबमध्ये गेले. नवा कॅन आणला.

३ ऑगस्ट
पहिल्यापासून सुरू. कॅन अजून अर्धाही नाही. काल बोटात रुतलेली अंगठी आत्ता फिरतेय.
सासूबाई खूश: "बघ, उतराय लागली की सूज!"