टांगा उलार झाला

चिंचवड स्टेशन,
ता. १४ फेब्रुवारी १९५६

चि. शालन हिला बापाचे आशीर्वाद. इकडे तुझी आई, मी आणि घोडी, तिघेही ठणठणीत आहोत.

जुन्या पुस्तकांतल्या घोडागाड्यांवर तुला कॉलेजात निबंध वाचायचा आहे, म्हणून तीन उतारे पाठवून माझं मत विचारलंस. योग्य माणसाला विचारलंस. वीस वर्षं लगाम हातात आहे.

पहिल्या उताऱ्यात नायिका बग्गीतून पुण्याहून निघते ती एका दमात साताऱ्याला पोचते. शक्य नाही. कात्रजच्या घाटातच घोड्यांच्या तोंडाला फेस आला असता. दुसऱ्यात गाडीवान सपासप चाबूक ओढतो. चाबूक हवेत वाजवायचा असतो, बाई! तिसऱ्यात उतारूंच्या शालींचं अर्धं पान वर्णन आहे, घोड्याला पाणी पाजल्याचं एक अक्षर नाही. हे सगळे लेखक मागच्या बाजूला बसून गेलेले दिसतात. तसं बेधडक लिही.

टांगा उलार होतो हेही कुणी लिहिलेलं नाही. मागं वजन जास्त झालं की पुढच्या दांड्या वर उचलल्या जातात आणि पट्टा घोड्याच्या पोटाला काचतो. मग एकाला पुढं घ्यावं लागतं. तुला हे लहानपणापासून माहीत आहे.

दिवाळीआधी तू मैत्रिणींना घेऊन मोरयाच्या दर्शनाला आलीस, तेव्हा स्टँडवर नंबर माझा होता. तू अनोळखी माणसासारखी चढलीस. मीही ओळख दाखवली नाही. पण चौघी मागं दाटीनं बसलात, टांगा उलार झाला, आणि सवयीनं माझ्या तोंडून गेलं, "शालन, पुढं ये गं."

मैत्रिणीनं विचारलं, हे ओळखतात का तुला? तू म्हणालीस, "आमच्या गावातले आहेत."

वडील रेल्वेत आहेत असं तू त्यांना सांगितलं होतंस, ते मला आईकडून नंतर कळलं.

मला लागलं, शालन. फार लागलं. मग तू संक्रांतीलाही आली नाहीस. पत्रातही त्या दिवसाबद्दल एक ओळ नाही. पण माझं मत मागितलंस, तेवढ्यावर माझा राग गेला.

शनिवारी मी आणि आई तुझा निबंध ऐकायला येत आहोत. टांगा कॉलेजच्या फाटकाशी लावून पहिल्या रांगेत बसू. मैत्रिणी विचारतील, हे कोण? तुला सांगायचं ते सांग. निबंध संपेपर्यंत मी उठणार नाही.

तुझा बाप,
दत्तोबा टांगेवाला